बहिणीची हजेरी

मी आयुष्यभर मास्तरकी केली आणि दर जूनमध्ये नव्या वर्गापुढं एकच भाषण ठोकलं. रोज ठरलेल्या वेळी दोन तास बसा, मग खुशाल खेळा. पोरं माना डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. त्या भाषणातला बसण्याचा भाग माझ्या बहिणीचा होता, खेळण्याचा माझा. हे मी वर्गाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि तेवढी छाती माझ्यात नव्हती. आता नोकरी संपून बरीच वर्षं झाली, भाषण ऐकायला कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं गाव बोरी अरब. छप्पन सालच्या दसऱ्याला बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर त्यांनी घरातले देव गोळा करून अडाण नदीत सोडले आणि दुसऱ्या दिवशी ताईचा हात धरून तिला शाळेत बसवून आले. मी तेव्हा दुसरीत होतो. ताई माझ्याहून दीड वर्षानं मोठी, पण तोवर घरच्या शेळ्या राखत होती. पहिलीच्या वर्गात ती सगळ्यांपेक्षा हातभर उंच दिसायची. पोरं हसली. तिनं त्यांना हसू दिलं आणि एकेका वर्षात दोन-दोन इयत्ता उरकत पाचवीत मला गाठलं. सातवीला आमच्या दोघांत तिचा नंबर वर होता. बा वस्तीत सगळ्यांना सांगत फिरले. माझ्या नंबराचं कोणी विचारलं तर "तो बी पास झाला" एवढंच म्हणायचे.

गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर तालुक्याला जायचं. सकाळी फाट्यावरून एस.टी. मिळायची आणि संध्याकाळी तीच परत आणायची. वस्तीपासून फाटा अर्ध्या कोसाहून जास्त, दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी आणि तूर. वस्तीतली एकही पोरगी तोवर त्या वाटेनं शिकायला गेली नव्हती. माय बांना म्हणाली, "पोट्टी एकटी फाट्यावर उभी राह्यली तं लोकं काय काय जोडतीन. पोट्टा संगं असन तं जाऊ द्या. ज्या दिवशी तो नाही, त्या दिवशी ते बी नाही."

बांना हे पटलं. ताईला तर कोणतीही अट चालली असती. मला मात्र कोणी काही विचारलं नाही. आपण गेलो तरच ताई जाणार, हे माझ्या ध्यानात यायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. ध्यानात आल्यावर मी त्याचा काय उपयोग केला, तेच सांगायचं आहे.

ताईची अभ्यासाची एक रीत होती. पहाटे उठून ती मायच्या चुलीपुढं बसायची, कारण तिथं दिवा न लावता उजेड मिळायचा. माय भाकरी थापायची आणि ही गणितं सोडवायची. नंतर फाट्याची वाट. ती वाट तिनं विषयांत वाटून टाकली होती. वस्तीपासून मोहाच्या झाडापर्यंत इंग्रजी स्पेलिंगं, मोहापासून नाल्यापर्यंत भूमितीचे सिद्धांत आणि नाल्यापासून फाट्यापर्यंत इतिहास. दोघांत मिळून पुस्तक एकच, ते तिच्या हातात. मी मागून बोरं पाड, पाखरावर ढेकूळ भिरकाव, असं करत चालायचो. ती मागं न बघताच म्हणायची, "भाऊ, तू नुसतं आयक. पाठ नको करू, नुसतं आयक." खोटं कशाला बोलू, त्या ऐकण्यावरच मी आठवी, नववी, दहावी पार केली. अभ्यास मला कठीण जात नव्हता. एका जागी बसणं मला जमत नव्हतं.

आणि बाहेर काय कमी होतं! अडाणच्या डोहात दुपारभर डुंबायचं, बांधावरची कच्ची बोरं मिठासोबत खायची, बाजाराच्या दिवशी अस्वलवाल्यामागं हिंडायचं. या सगळ्यांच्या वर कबड्डी. माझे पाय चपळ होते. नववीत मी शाळेच्या संघात गेलो आणि अकरावीत कप्तान झालो. मैदानात मी दम धरून पलीकडच्या रेषेवर गेलो की तालुक्याची पोरं माझं नाव घेऊन ओरडायची. वर्गात माझं नाव फक्त हजेरीला घेतलं जायचं.

माय आणि बा दिवस उगवायच्या आत कामावर निघून जायचे. मग मला शाळेत जायचं नसलं की माझं पोट दुखायचं. पोट दुखायचं कारण पुरेनासं झालं, तेव्हा मी लोटा घेऊन शेताकडे जायचो आणि फाट्यावरून एस.टी. गेल्याचा आवाज आला की मगच उगवायचो. ताई दारात तशीच उभी असायची, वेणी घातलेली, पिशवी खांद्याला. पहिल्या वर्षी ती रडायची. दुसऱ्या वर्षी चिडायची. नंतर तिनं सौदे सुरू केले. "आज चाल न रे. तुहे गणितं मी करून देईन." मग मी भाव खायचो. गणितांवर निबंध मागायचो, निबंधावर तिच्या वाटची गुळाची भाकर मागायचो. हे आज लिहिताना मला माझी लाज वाटते, आणि तेव्हा मजा वाटत होती हेही खरं आहे.

तिनं बांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बांनी मला फोडून काढलं असतं, त्याचं तिला काही नव्हतं. पण रागाच्या भरात ते "बंद करा दोघायचं" म्हणाले असते तर, ही तिची भीती होती. एकदा मात्र ती हिय्या करून एकटीच फाट्यावर गेली. गावातल्या एका म्हाताऱ्यानं तिला तिथं हटकलं आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट मायच्या कानावर आली. मायनं तिला मारलं नाही. ती स्वतःच भिंतीला टेकून रडत बसली, भाकरीसुद्धा टाकल्या नाहीत. ताईनं पुन्हा तसं केलं नाही. तो सगळा दिवस मी डोहावर होतो.

सामन्यांचे दिवस वेगळे. कधी दिग्रस, कधी पुसद, कधी यवतमाळ. संघ तालुक्याहून ट्रकमध्ये बसून निघायचा आणि दोन-तीन दिवस तिकडेच मुक्काम असायचा. तेवढे दिवस ताई घरी. मी परत आलो की ती आधी विचारायची, "जितले का?" आणि मग, "वर्गात काय काय झालं ते कोणाच्या वहीतून आणून देशीन का?" मी जिंकल्याचं रंगवून सांगायचो आणि वही आणायला विसरायचो.

अकरावी म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि फॉर्म भरायचे दिवस आले. ताईनं मनात सगळं ठरवून टाकलं होतं. मॅट्रिक व्हायचं, ट्रेनिंग करायचं आणि मास्तरीण व्हायचं. आमच्या वस्तीत तेव्हा मास्तरसुद्धा कोणी नव्हता, मास्तरीण तर दूरच. ती हे कोणाजवळ बोलायची नाही, फक्त माझ्याजवळ. मी हसायचो, पण मनातून मला ते खरं होणार असंच वाटायचं.

एक दिवस प्रार्थना झाल्यावर हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. ते बाहेरगावचे, शांत, कधी हात न उगारणारे. टेबलावर हजेरीपट उघडा होता.

"तुझी हजेरी कशीबशी भरते," ते म्हणाले. "सामन्यांचे दिवस खेळाच्या सरांनी हजर धरायला लावलेत, त्यामुळं वाचलास. तुझ्या बहिणीची भरत नाही. इतके दिवस ती का आली नाही?"

मला काही क्षण कळलंच नाही. मी जितके दिवस बुडवले तितके तिनेही बुडवले होते, ते ठीक. पण मी जितके दिवस खेळायला गेलो, ते दिवस मला हजर लागले आणि तिला गैरहजर. मी गुडघे फोडत होतो त्या दिवशी मी शाळेत होतो, आणि ती घरी चुलीपुढं सिद्धांत पाठ करत होती म्हणून ती शाळेत नव्हती.

"अडचण असेल तर सांग," हेडमास्तर म्हणाले. "मी वर लिहून पाठवतो, हजेरीत सूट मागतो. हुशार मुलगी आहे. असं कर, उद्या वडिलांना घेऊन ये."

बा आले असते तर पोटदुखीचे, लोट्याचे, डोहाचे सगळे दिवस त्या टेबलावर मांडले गेले असते. आणि पुढच्याच सोमवारी पुसदला सामने होते. माझ्या कप्तानकीचे मोठे सामने. बांनी मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात फिरलं. मी म्हणालो, "बा कामावर असतेत, सर. त्याहीले कायले तकलीफ. अन् अडचण काही नाही. तिलेच आवड नाही शाळेची. घरचं कामच बरं वाटते तिले."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असं?" म्हणाले. "मला वाटलं नव्हतं." आणि हजेरीपट मिटला.

हे वाक्य मी सतराव्या वर्षी बोललो. लहान होतो असं म्हणायची सोय नाही. सतरा वर्षांच्या पोराला खरं काय आणि खोटं काय ते चांगलं कळतं.

दुपारी त्यांनी ताईला बोलावलं. संध्याकाळी एस.टी.त ती खिडकीशी बसली. मग म्हणाली, "माहा फॉर्म नाही जात."

मी विचारलं, "काहून?" मला विचारावंच लागलं.

"हजेरी नाही भरत. मी म्हटलं सर, मी घरी सगळं करतो, पाहिजे तं आत्ताच विचारा. तं ते म्हणे, पोरी, मनापासून आवड असती तं तू कशीही वाट काढून आली असती. सक्तीनं शिकण्यात अर्थ नाही." थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "त्याहीले असं काहून वाटलं असन रे?"

"मले काय मालूम," मी म्हणालो.

जेवताना बांना सांगावंच लागलं. बांच्या हातातला घास तसाच राहिला. "हजेरी काहून नाही भरली?" त्यांनी विचारलं. माय माझ्याकडे बघत होती. ताईनेही एकदा माझ्याकडे पाहिलं. मी ताटात बघत राहिलो. मग ताई म्हणाली, "मीच राहत होती घरी. काम राहे न घरचं."

तिनं ते माझ्यासाठी केलं. नंतर मला म्हणाली, "तुहं बी बंद झालं असतं. एकाचं तरी होऊ दे." सकाळी मी जे खोटं हेडमास्तरांना सांगितलं, तेच तिनं संध्याकाळी बांना सांगितलं, आणि आपण एकच खोटं बोललो हे तिला माहीतही नव्हतं. बांनी ताट सरकवून हात धुतले. शेवटी म्हणाले, "पुढच्या साली पाहू." त्या आशेवर ती झोपायला गेली.

पुसदचे सामने आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटलं नाही याचंच आश्चर्य वाटलं. परत आल्यावर मी मैदानावर गेलो नाही. ताईचं शाळेत येणं बंद झालं होतं, मी एकटाच त्या वाटेनं जात-येत होतो आणि वाट फार मोठी वाटायला लागली होती. एक दिवस पहाटे मी उठलो आणि चुलीपुढं तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं सरकून जागा दिली.

त्यानंतरचे तीन महिने मी जसा अभ्यास केला तसा जन्मात केला नव्हता. रोज पहाटे, न चुकता. शिकवणारी तीच. भूमितीचे सिद्धांत ती भाकरी थापता थापता तोंडानं सांगायची, कारण आता भाकरी तिच्याकडे आल्या होत्या. मला एखादं गणित सुटलं की तिला आनंद व्हायचा, अगदी खरा आनंद. मला वाटायचं, हीच माझी भरपाई. नेमानं बसलो, पास झालो, की तिच्या कष्टाचं काहीतरी होईल. नेमाचा अभ्यास म्हणजे काय ते मला त्या तीन महिन्यांत कळलं. तो जमायला लागला की डोहसुद्धा आठवत नाही. हे मी पुढं हजारो पोरांना सांगितलं, आणि खोटं सांगितलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मी सेकंड क्लासमध्ये पास झालो. बांनी वस्तीत पेढे वाटले. ताई सगळ्यात जास्त धावपळ करत होती. रात्रीची जेवणं व्हायच्या आधी माय सहज म्हणाली, "हा तं झाला मॅट्रिक. आता पोट्टीच्या संगं कोण जाईन?"

तेव्हा मला कळलं. नापास झालो असतो तर मला पुन्हा अकरावीत बसावं लागलं असतं, पुन्हा फाट्याची वाट, पुन्हा एस.टी., आणि तिला आणखी एक वर्ष सोबत मिळाली असती. मी चार वर्षं उनाडक्या केल्या तेव्हा तिचं नुकसान झालं, आणि शेवटी नीट अभ्यास केला तेव्हा तिचं शिक्षणच संपलं. माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही? तिच्या डोक्यात आलं होतं का? आलं असणार. ती माझ्यापेक्षा केव्हाही हुशार होती. तरी तिनं मला शिकवलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. राळेगावकडे दिली. माणूस चांगला, पण मजुरीवर पोट. मी ट्रेनिंग करून मास्तर झालो. सणावारी भेट व्हायची. माझ्या लग्नात, पाहुणे जेवून गेल्यावर, भांडी आवरता आवरता तिनं मला अचानक विचारलं, "हेडमास्तर तसं काहून म्हणाले असतीन रे? चार वर्षं पाह्यलं होतं त्याहीनं मले." मी म्हणालो, "जुन्या गोष्टी कायले काढतं?" आणि बाहेर निघून गेलो.

तिच्या मोठ्या पोरीला सातवीतून काढलं, तेव्हा मी तिच्या घरी जाऊन तिलाच झापलं. म्हटलं, नवऱ्याचं सोड, तू स्वतः अकरावीपर्यंत शिकलेली, तू कशी गप्प राहिलीस? ती खाली मान घालून ऐकत होती. मी मास्तर माणूस, बोलायला काय कमी. भरपूर बोललो आणि एस.टी. पकडून परत आलो. स्वतःबद्दल त्या दिवशी मला चांगलं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

खरं सांगितलं ते मागच्या वर्षी. तिच्या घरी गेलो होतो. दुपार होती, ती ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी आधी पाणी मागितलं, मग चहा मागितला, मग आणखी काही मागायला सुचेना तेव्हा सांगून टाकलं. हेडमास्तरांची खोली, हजेरीपट, पुसदचे सामने आणि मी बोललो ते वाक्य, जसंच्या तसं.

तिचे हात थांबले. "म्हंजे ते तू म्हटलं होतं," ती म्हणाली. "सरायनं नाही."

"हाव."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी त्याचीच तयारी करून गेलो होतो. तिनं सूप खाली ठेवलं.

"मोठीले शाळेतून काढलं तवा तू मले लय बोलला," ती म्हणाली. "मी काही बोलली नाही, कारण मले वाटे, सरासारखा मानूस चार वर्षं पाहून म्हणते का हिले आवड नाही, तं नसनच. माहीच आवड खोटी निघाली, मंग पोरीसाठी मी कोणत्या तोंडानं भांडू? म्हणून राह्यली मी चूप."

मोठी भाची त्याच गावात दिली आहे. त्या वेळी ती शेतात निंदणाला गेली होती. संध्याकाळी वावरातून येताना आईकडे डोकावल्याशिवाय ती घरी जात नाही, हे मला माहीत होतं. मी तिची वाट पाहिली नाही. चारच्या एस.टी.नं निघून आलो.